आमच्या ‘व्हय’वर विसंबू नका

गोव्यातल्या इस्पितळांत, दवाखान्यांत आणि आरोग्य केंद्रांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि त्यांचा कारभार पाहणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पेडणे तालुक्यातली एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माहेर सत्तरी तालुक्यातलं, सासर इकडचं. चौतीस वर्षं मराठी शाळांत शिकवलं. हे पत्र आधी वहीत लिहिलं आणि राग निवावा म्हणून आठवडाभर कपाटात ठेवलं. राग निवला, पण पत्र फाडावंसं वाटलं नाही. टपालाने पाठवलं असतं तर कुठल्यातरी फायलीत गेलं असतं, म्हणून सगळ्यांसमोर ठेवते आहे.

निमित्त एका रबरी शिक्क्याचं.

गेल्या महिन्यात माझ्या सासूबाईंना एका इस्पितळातून घरी सोडलं. इस्पितळाचं नाव घेत नाही. तिथल्या माणसांनी त्यांना दोनदा मरणाच्या दारातून परत आणलं आहे आणि माझी तक्रार एका इमारतीपुरती नाहीच. घरी सोडतानाच्या कागदावर खाली निळ्या शाईचा शिक्का होता आणि त्याच्या शेजारी सासूबाईंचा अंगठा. त्यांना सही येते. सलाईनने हात सुजला होता, म्हणून अंगठा. शिक्क्याचा मजकूर असा, की रुग्णाला आणि नातेवाइकांना त्यांना समजणाऱ्या भाषेत सगळी माहिती समजावून सांगितलेली आहे.

हा मजकूर इंग्रजीत होता.

सासूबाई चौथी शिकलेल्या. रोज पोथी वाचतात, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि मतदानाच्या दिवशी पहिल्या रांगेत असतात. त्यांनी तो शिक्का उलटसुलट पाहिला आणि मला विचारलं, “ह्यात काय लिवलांसा गो?” मी वाचून दाखवलं. त्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण त्या शिक्क्याआधीच्या तीन आठवड्यांत काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. तेच आधी सांगते.

जूनच्या शेवटी त्यांना धाप लागायला लागली, पाय सुजले, रात्री आडवं झालं की जीव घाबरायचा. दाखल केलं. हृदय रक्त नीट पुढे ढकलत नाही, त्यामुळे अंगात पाणी साठतं, असं निदान झालं. पाच दिवसांत बरं वाटलं. घरी जाताना एका तरुण डॉक्टरने सगळं सांगितलं. तो उत्तरेकडच्या राज्यातून शिकायला आलेला, स्वभावाने गोड. हिंदी आणि चार शब्द कोकणी असं मिसळून तो म्हणाला: दिवसाला एक लिटरपेक्षा जास्त पाणी नको, मीठ कमी, लघवीची गोळी रोज सकाळी न चुकता, आणि रोज वजन करा. मग विचारलं, “समझ गया ना, आज्जी?” सासूबाई म्हणाल्या, “व्हय.” माझ्याकडे बघितलं. मीही म्हटलं, “हो डॉक्टर.”

बाराव्या रात्री पुन्हा तीच धाप. पुन्हा रुग्णवाहिका.

रात्रपाळीच्या डॉक्टरने विचारलं, “पाणी किती देत होता?” मी म्हटलं, “एक लिटर, मोजून. मी स्वतः सकाळी बाटली भरून ठेवते.” “मीठ?” “वरचं मीठ बंद.” त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की चौतीस वर्षांत मी गृहपाठ न करणाऱ्या मुलांकडे तसंच पाहिलं असेन. मी खोटं बोलते आहे असं त्याला वाटलं. मी खोटं बोलत नव्हते.

कोडं तिसऱ्या दिवशी सुटलं, आणि ते सोडवलं आमच्याच बाजूच्या एका परिचारिकेने. चादर बदलता बदलता तिने सासूबाईंना सहज विचारलं, “मावशे, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत पोटात काय काय जातं तें सांग बघूया.” सासूबाईंनी सांगितलं. सकाळी चहा. दहा-साडेदहाला उकड्या तांदळाची पेज, दोन वाडगे. दुपारी जेवताना सोलकढी, जेवल्यावर ताक. संध्याकाळी पुन्हा चहा. घरी आल्यावर मी मापाच्या भांड्याने मोजलं: चहा ३०० मिलिलिटर, पेज ६००, सोलकढी १५०, ताक २००. झाले साडेबाराशे. वर बाटलीतलं ते लिटरभर पाणी, मी स्वतः मोजून दिलेलं.

पेज म्हणजे पाणी, हे आम्हा दोघींपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? आमच्याकडे पेज जेवतात. “पेज जेवलंस?” असंच विचारतात. डॉक्टरने ‘पाणी’ म्हटलं आणि आम्ही पाणी मोजलं. तो चुकीचं बोलला नाही आणि आम्ही आज्ञा मोडली नाही, तरी बाई बाराव्या दिवशी ऑक्सिजनवर.

मिठाचं तर याहून मजेशीर, मजेशीर म्हणायची सोय असती तर. मी हुमणातलं, म्हणजे माशाच्या आमटीतलं, आणि भाजीतलं मीठ निम्म्यावर आणलं. सासूबाईंना जेवण अळणी लागायला लागलं. म्हणून त्यांनी पेजेबरोबर खारा बांगडा भाजून घ्यायला सुरुवात केली. आधी तुकडा घ्यायच्या, आता अख्खा. दिवस कुठले? १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरवाल्यांची मासेमारी बंद, बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग. गोव्यातल्या हिंदूच्या काय आणि ख्रिस्तावाच्या काय, घरात या दिवसांत पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच भरून ठेवलेला, साठा निघतो: खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), त्यांची किसमूर, लोणचं. म्हणजे मिठाचा सल्ला ज्या दोन महिन्यांत सगळ्यांत जास्त गरजेचा, त्याच महिन्यांत ‘मीठ कमी करा’ या तीन शब्दांनी मीठ वाढतं. त्या तीन शब्दांच्या जागी ‘खारं नको’ एवढे दोन शब्द असते तर आमची रुग्णवाहिकेची फेरी बहुधा वाचली असती.

लघवीच्या गोळीचंही ऐका. सासूबाईंनी बारा दिवसांत ती दोनदा चुकवली. एकदा नात्यात बाराव्याला जायचं होतं, एकदा बँकेत. बाहेर बायकांना जायला जागा कुठे असते? त्यांनी आपला हिशेब केला आणि गोळी डब्यातच ठेवली. ‘बाहेर जायचं असेल त्या दिवशी ही गोळी परत आल्यावर घेतली तर चालेल का?’ हा प्रश्न विचारायचा असतो, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तुमच्यापैकी कुणी आपण होऊन काढला नाही. वजनाचा काटा आमच्या घरी नव्हता. जवळचा काटा रेशनच्या दुकानात, आणि तिथे तांदूळ मोजतात.

आता माझी स्वतःची चूक. त्या तरुण डॉक्टरपुढे मी ‘हो’ म्हणाले. मी शिक्षिका. वर्गात ‘समजलं का?’ असं विचारायचं नसतं, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवलं होतं. विचारलं की चाळीस मुलं एका सुरात ‘होऽऽ बाई’ म्हणतात. त्यांतल्या दहांना समजलेलं असतं, दहांना भीती असते, आणि बाकीची खिडकीबाहेर आंब्याकडे बघत असतात. समजलं की नाही ते पाहायचं तर मुलाला फळ्याशी बोलवायचं, हातात खडू द्यायचा आणि म्हणायचं, आता तू मला शिकव. हे मी हजारदा केलं असेल. तरी पांढऱ्या कोटासमोर उभी राहिल्यावर मीही त्या चाळिसांतलीच एक झाले.

असं का होतं, ते सांगायचा प्रयत्न करते, कारण तुमच्यापैकी बरेच जण आमच्या भागातले नाहीत. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जण देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यांनी शब्दन् शब्द कान देऊन ऐकलेला असतो असं नाही. आम्ही तुझ्या पदरात आहोत, एवढंच ते सांगतात. तुमच्या टेबलासमोर आमच्या तोंडून निघतो तो हाच ‘व्हय’. डॉक्टरला उलट प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्यावर शंका घेणं, असं आमच्या पिढीला वाटतं. त्यात बाहेर साठ माणसांची रांग. आपण पाच मिनिटं जास्त घेतली तर मागच्या बाळंतिणीला उभं राहावं लागेल, हाही विचार असतो. तुम्ही तो ‘व्हय’ ऐकता आणि शिक्का मारता.

ही आमची एकट्याची गोष्ट असती तर मी पत्र लिहिलं नसतं. निवृत्तीनंतर वाड्यावरच्या माणसांचे कागद वाचून देणं हे माझं जवळजवळ कामच झालं आहे, त्यामुळे बरंच दिसतं. त्यातलं थोडं क्रमाने मांडते.

पहिली तक्रार कागदाच्या भाषेची. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीचाही वापर मान्य झाला. त्या वादात कोण कुठल्या बाजूला होतं ते मला इथे उकरायचं नाही. पण भांडून मिळवलेल्या या दोन भाषांपैकी एकही आमच्या उशाशी ठेवलेल्या कागदावर नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के होती. म्हणजे वाचता येणारी माणसं आहेत, त्यांना वाचता येईल असा कागद नाही. माझी शेजारीण ख्रिस्ती आहे. ती कोकणी वाचते, पण रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, इगर्जीतल्या प्रार्थनेच्या पुस्तकामुळे. तिलाही तोच इंग्रजी कागद मिळतो आणि तीही तो माझ्याकडेच घेऊन येते. आम्ही दोघी मग तिच्या नातवाची शाळा सुटायची वाट बघतो.

यावर कुणी म्हणतं, वैद्यकाची भाषा इंग्रजीच असते. असू दे की, तुमची तुमच्यात. पणजीत चर्चच्या समोरची बाग आहे, तिला गार्सिया दा ओर्ताचं नाव आहे. हा पोर्तुगीज डॉक्टर इथे राहिला, इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला. त्या काळातल्या पंडितांची भाषा लॅटिन. त्याला ती येत होती, तरी त्याने ग्रंथ पोर्तुगीजमध्ये लिहिला, इथे राहणाऱ्या त्याच्या लोकांना वाचता यावा म्हणून. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकशाळा निघाली, तिथेही शिकवणं पोर्तुगीजमध्ये. मग पोर्तुगीज गेली, इंग्रजी आली. इस्पितळ हा शब्द तेवढा त्यांचा आमच्या तोंडात राहिला. या सगळ्या काळात आजारी माणसाची भाषा काही बदलली नाही.

संमतीपत्राची गोष्ट तर कायद्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट सांगितलं, की संमती खरी हवी: काय करणार, का करणार, त्यात धोका काय, दुसरा मार्ग कोणता, हे पुरेसं सांगून घेतलेली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद केली, तिच्यात माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत देण्याचा हक्क आहे. आमच्याकडे काय होतं? “इथे सही करा, ऑपरेशनला उशीर होतोय.” माणूस स्ट्रेचरवर असताना कोण वाचत बसेल?

दुसरी तक्रार खुणांची. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. तुम्हाला हे इतकं सवयीचं आहे, की ती खूण आहे हेही तुम्ही विसरलात. आमच्या वाड्यावरच्या एका आजोबांनी मला विचारलं, “बाई, एकशे एक गोळ्या घ्यायच्या म्हणजे महिना तीन पुरतील ना?” हसू नका, त्यांचा आकडा बरोबर वाचलेला होता. तसंच रक्ततपासणीचं. एका बाईंना सांगितलं, “उद्या उपास करून या.” त्या आल्या, साबुदाण्याची खिचडी आणि केळं खाऊन, वर दूध घेऊन. आमच्या उपासाला तेच चालतं. तिथल्या मुलीने सगळ्यांदेखत झापलं, “शुगर आहे आणि एवढंही कळत नाही?” कळत नव्हतं ते तिला. ‘उपास’ आणि ‘उपाशीपोटी’ यांत काय फरक आहे ते कुठल्याही मराठी घरातली सातवीतली मुलगी सांगेल. ‘रात्री जेवल्यानंतर सकाळी रक्त देईपर्यंत साध्या पाण्याशिवाय काही नको, चहासुद्धा नको’, एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

तिसरी तक्रार झापण्याचीच आहे, आणि ती मला सगळ्यांत मोठी वाटते. कावीळ झाली की गावठी औषध, नागीण उठली की मंतरून घेणं, बाळ रडायला लागलं की दिष्ट काढणं, हे आमच्याकडे चालतं. मीही मीठ-मिरच्या ओवाळल्या आहेत, नाही कशाला म्हणू? हे तुमच्यासमोर निघालं की तुम्ही चिडता. “मग त्याच्याकडेच जा, इकडे कशाला आलात?” हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. त्याचा परिणाम काय होतो? गावठी औषध काही थांबत नाही, तुम्हाला सांगणं तेवढं थांबतं. मग तुमची गोळी आणि पाल्याचा रस एकाच पोटात जातात, आणि काविळीच्या माणसाच्या यकृतावर काय ओझं पडतंय ते तुम्हाला शेवटपर्यंत कळत नाही.

याच गोष्टीचं दुसरं टोक म्हणजे क्षयाचा एक तरुण. सहा महिन्यांचा कोर्स. दोन आठवड्यांनी त्याने गोळ्या बंद केल्या. घरच्यांनी दटावलं तरी ऐकेना. शेवटी आईजवळ बोलला: लघवी नारिंगी-लाल होते, औषध उष्ण पडलं आहे, आतून रक्त जातंय. क्षयाच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनने लघवीचा रंग तसा होतोच, त्याने काही बिघडत नाही, हे आरोग्यसेविकेने नंतर येऊन सांगितलं. पण रंग दिसायच्या आधी सांगणं आणि घाबरल्यावर सांगणं यांत फार फरक आहे. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट थंड असते नाहीतर उष्ण असते, हे तुम्हाला पटायची गरज नाही. माहीत असायची गरज आहे. तुम्ही म्हणता, “पथ्य काही नाही, सगळं खा.” तुमच्या दृष्टीने ही चांगली बातमी असते. आमचा माणूस मात्र बाहेर येऊन म्हणतो, “डॉक्टरने धड बघितलंसुद्धा नाही, पथ्यदेखील सांगितलं नाही.” ज्या औषधाला पथ्य नाही ते औषध आम्हाला अर्धवट वाटतं. मग पथ्य शेजारीण सांगते: क्षयाच्या रोग्याला अंडं बंद, मासे बंद. सरकार अशा रुग्णाला नीट खाता यावं म्हणून महिन्याला पैसे देतं, आधी ५०० रुपये होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले, आणि घरात त्याचं अंडं बंद.

बायकांच्या बाबतीत मी थोडक्यात लिहिते, कारण लिहितानाही संकोच वाटतो, आणि मुद्दा तोच आहे. माझ्या वयाची बाई ‘धुपणी जाते’, म्हणजे अंगावरून पांढरं जातं, हे शब्द नवऱ्यासमोर उच्चारत नाही. पाळीलाही आम्ही ‘बाहेरची झाले’ म्हणतो, ‘अडचण आहे’ म्हणतो. तिला तुम्ही टेबलाशी उभं करून, मागे चार परकी माणसं असताना, मोठ्याने विचारता, “शेवटची पाळी कधी? अंगावरून जातंय का?” ती म्हणते, “ना.” तुम्ही लिहिता ‘नाही’. पाळी बंद होऊन दहा वर्षं झालेल्या बाईला पुन्हा रक्त दिसलं तर ते लगेच सांगायला हवं, हे तुम्ही जाणता. तिचा तो ‘ना’ एका पडद्याच्या अभावी उच्चारलेला असतो.

इस्पितळाबाहेरचंही सांगायला हवं, कारण फलक आणि मोहिमा तुमच्याच खात्यांतून येतात. माझं माहेर सत्तरीत. २०१५ पासून तिथे माकडतापाने माणसं आजारी पडली, काही गेली. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडीतून तो माणसाला होतो, आणि त्याचा जोर हिवाळ्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत. आमच्याकडे काजूचा हंगाम नेमका तेव्हाच. मी एक फलक पाहिला: जंगलात जाणे टाळा. ज्याच्या वर्षाची मीठमिरची बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करण्यावर चालते त्याला हे सांगणं म्हणजे खलाशाला ‘समुद्रात जाऊ नका’ सांगण्यासारखं. तो फलक बघतो आणि काजूत जातो. त्याला सांगायचं आहे ते वेगळंच: जाण्याआधी हातापायांना गोचीड दूर ठेवणारं तेल लावा, पूर्ण बाह्यांचं घाला, वाळक्या पानांच्या पातेऱ्यावर उघड्या अंगाने बसू नका, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंग तपासा. हे कुणी दगावल्यावर सांगून उपयोग नाही, डिसेंबरात सांगायला हवं.

आणि माकड मेलेलं दिसलं तर? तुमचा फलक म्हणतो, ‘मृत माकडास स्पर्श करू नये’. ठीक. पण आमच्या गावात वानर म्हणजे मारुतीरायाचं रूप. ते मेलं तर त्याला उघड्यावर टाकत नाहीत. हळदकुंकू, नारळ, खड्डा खणून पुरणं हे सगळं भक्तीने होतं. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात, म्हणजे पुण्याचं काम करणारा माणूसच धोक्यात. त्याला ‘अंधश्रद्धा’ म्हणून बघा, तो तुमचं पुढचं वाक्यही ऐकणार नाही. देवळाच्या मानकऱ्यांना बरोबर घेऊन सांगा, की मारुतीरायाला दुरून हात जोडा, खात्याला कळवा, त्यांची माणसं अंग झाकणारे कपडे घालून येतील आणि नीट पुरतील, नारळ तेव्हा ठेवा. मला वाटतं ऐकतील. मी त्याच गावची आहे.

दोन लहान गोष्टी. पुढच्या तपासणीची तारीख देताना पंचांग जवळ ठेवा. सासूबाईंना मिळालेली तारीख चवथीच्या दुसऱ्या दिवसाची आहे. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली असताना, घरात गणपती असताना, कोण येईल? आणि मग कागदावर लिहिलं जाईल, रुग्ण आला नाही. दुसरं म्हणजे कर्करोगासारखी बातमी. आमच्याकडे ती आधी थोरल्या मुलाला कानात सांगतात आणि आजारी माणसाला ‘पोटात गाठ आहे, जाईल’ म्हणतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. माझ्या वडिलांना आम्ही असंच अंधारात ठेवलं, ते अजून सलतं. पण तुम्ही घाईत दारातच सगळं बोलून टाकता तेही बरोबर नाही. आधी त्या माणसालाच विचारा ना, तुम्हाला किती ऐकायचं आहे आणि बरोबर कोण हवं?

आमच्या बाजूची खोटही कबूल करते. आम्ही जुने कागद आणत नाही, गोळ्यांच्या पिशव्या एकात एक ओततो, कालपासून दुखत असेल तर ‘आठ दिवस’ सांगतो म्हणजे तुम्ही लक्ष द्याल, आणि डॉक्टरवर हात उगारणारीही माणसं आमच्यातलीच असतात. त्याची लाज वाटते.

आता मागण्या. जास्त नाहीत.

तो इंग्रजी शिक्का बंद करा. त्याच्या जागी कागदावर चार मोकळ्या ओळी ठेवा. घरी गेल्यावर काय करणार, हे रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि परिचारिकेने ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. जिथे अडेल तिथे पुन्हा सांगायचं. आमच्या शाळेत याला फळ्याशी बोलावणं म्हणतात, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात.

घरी सोडतानाच्या कागदाला एक पान मोठ्या अक्षरांत, देवनागरीत कोकणी किंवा मराठी, आणि ज्यांना हवं त्यांना रोमीत. गोळ्यांपुढे सूर्य आणि चंद्र काढा, १-०-१ नको. संमतीपत्रही तसंच, आणि ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हातात द्या.

खाण्यापिण्याचा सल्ला आमच्या ताटातून द्या. त्यात पेज असू दे, सोलकढी, खारं, किसमूर, पाव, उकड्या तांदळाचं शीत असू दे. ओट्स आणि सॅलड असलेला छापील तक्ता आम्हाला मिळाला आहे, तो मी परत करायला तयार आहे. नवा तक्ता करताना गावातल्या चार बायकांना बोलवा. भाड्याचेही पैसे नकोत.

बाहेरून आलेल्या नव्या डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात एक सकाळ द्या आणि शंभर शब्दांची वही. जोर म्हणजे ताप, गोडें मूत म्हणजे मधुमेह, जीव कसकसणं, धुपणी, उष्ण पडणं. आमच्या त्या तरुण डॉक्टरने दुसऱ्या खेपेला खिशातून चिठ्ठी काढून विचारलं, “आज्जी, खंय दुखता?” सासूबाईंनी त्याला छातीचं तर सांगितलंच, पण गुडघ्याचं, कानाचं आणि माझंसुद्धा सांगितलं.

बायकांच्या तपासणीला पडदा आणि दोन माणसांपुरता कोपरा. गावठी औषधाबद्दल न रागावता विचारायचं, प्रत्येकाला, दर वेळी. फलक छापण्याआधी ज्या वाड्यासाठी तो आहे तिथल्या पाच माणसांना वाचून दाखवायचा. आणि चादर बदलता बदलता जिने कोडं सोडवलं, तसलं बोलणं हेसुद्धा काम आहे असं धरून परिचारिकांना त्यासाठी वेळ द्यायचा. तिच्यावर त्या दिवशी अठ्ठावीस खाटा होत्या.

सासूबाईंची तारीख चवथीच्या आधी घ्यावी, ही विनंती वेगळ्या अर्जाने केली आहे. मराठीत. येताना मी त्यांचा पेजेचा वाडगा बरोबर आणणार आहे, बुडाशी नेलपॉलिशने १५० मिलिलिटरची रेघ मारलेला. आम्ही समोर बसल्यावर कृपा करून ‘समजलं ना, आज्जी?’ विचारू नका. वाडगा त्यांच्या हातात द्या आणि विचारा, उद्या सकाळी पेज कुठवर ओतणार?

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
पेडणे, गोवा